मेलेल्या लाकडाचं कुंपण

वैशाख लागला की राजूरचा घाट उतरताना मी गाडीतला एसी बंद करतो आणि काचा खाली घेतो. तोंडावर भट्टीचा झोत येतो. सोबतची माणसं ओरडतात. ओरडू देत. बाहेरचा डोंगर वर्षातून एकदाच असा अंगावरचं सगळं उतरवून उभा असतो. त्याच्याकडे काचेआडून बघणं मला बरं वाटत नाही.

यंदा सोबत माझे व्याही होते. पुण्याचे. माझ्या मुलीचं लग्न जूनअखेरीस बुलढाण्यातच आहे, त्यासाठी हॉल पाहायला ते आले होते. हॉल त्यांना आवडला. चकचकीत फरशी, उभं राहिलं की आपलंच प्रतिबिंब आपल्याला नमस्कार करतं अशी. मी विचारलं, "मुहूर्तमेढ कुठे रोवायची?" हॉलचा मॅनेजर म्हणाला, "आमच्याकडे तयार मेढ असते साहेब, स्टँडसकट." आणि त्याने खरोखरच गोदामातून एक प्लॅस्टिकची, हिरवी पानं डकवलेली मेढ आणून दाखवली. पानांवर मागच्या लग्नाचे तांदूळ होते. व्याही म्हणाले, "वा, उत्तम सोय!" मी मुलीचा बाप. त्या पानांवरचे तांदूळ झटकले.

पण घाटात मात्र त्यांनी हद्द केली. खिडकीतून दोन्ही बाजूंच्या उतारांकडे पाहिलं, पांढुरक्या, उघड्याबोडक्या झाडांकडे पाहिलं, रुमालाने मान पुसली आणि हळहळून म्हणाले, "अरेरे! इकडे सगळंच मेलंय हो."

मेलंय! माझा पाय ब्रेकवर गेला. घाटात ब्रेक मारावाच लागतो, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. व्याही नसते तर मी त्यांना तिथेच उतरवून उन्हात उभं केलं असतं. व्याही होते म्हणून म्हटलं, "चला, तुम्हाला माझ्या मामेबहिणीकडे नेतो. तिलाही पत्रिका द्यायचीच आहे."

मनात म्हटलं, आता वंदीच बघून घेईल.

हिरवं तेवढं जिवंत, हे कोणी ठरवलं मला माहीत नाही. ज्याने ठरवलं तो आमच्या बाजूला कधी आला नसणार, किंवा आला असेल तर श्रावणात आला असेल. श्रावणात काय, आमचा डोंगरसुद्धा दिखाऊपणा करतो. धबधबे काय, फुलपाखरं काय! फोटो काढणाऱ्यांची रांग लागते. खरा डोंगर बघायचा तर आता, गवताचं कुसळ झालेलं असताना. दगड इतके तापलेले की पायाखाली चपला मऊ पडतात. दूर कुठेतरी तांबट पक्षी टुक-टुक करत बसलेला, जणू कोणी भर दुपारी भांडी घडवतंय. आणि त्या सगळ्यावर एक वास. देवघर आणि सुताराचं दुकान एका खोलीत आणावं तसा. तो सालईचा वास.

सालई हे आमच्या डोंगराचं झाड. जिथे माती संपते आणि खडक सुरू होतो, तिथे इतर झाडं विचार करत थांबतात, तिथून सालई सुरू होते. साल कागदासारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटते. पानं हिवाळ्यात झडतात आणि मग पाऊस तोंडावर येईपर्यंत झाड उघडं. पण त्या उघडेपणात ते रिकामं बसत नाही. थंडी सरता सरता नागड्या फांद्यांवर बारीक पांढरी फुलं येतात, मधमाश्या येतात, मधमाश्यांच्या मागे अस्वल येतं. अस्वलाच्या नखांचे ओरखडे मी त्या खोडांवर पाहिलेत. अस्वलाला कळतं की झाड जिवंत आहे. माणसांना रुमालाने मान पुसायची असते.

तिचं रोप तर आणखी नाठाळ. पावसाळ्यात उगवतं, वीतभर होतं, आणि उन्हाळ्यात वरून साफ मरतं. काडीसुद्धा उरत नाही. खाली मुळाची गाठ तेवढी जागी असते. पुढल्या पावसात पुन्हा वर, पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा खाली. असं वर्षानुवर्षं चालतं. गाठ गाजराएवढी जाड झाली, आता उन्हाळा आपलं काही करू शकत नाही अशी तिची खात्री पटली, की मगच ते उभं राहतं ते कायमचं. आणि एकदा ते उभं राहिलं की त्याच्या विरळ सावलीत बाकीच्यांची हिंमत होते. चारोळी येते, तेंदू येतो, वासाचं रोशा गवत येतं. बकऱ्या सालईच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तिच्या बुंध्याला बिलगलेलं एखादं नाजूक रोपही वाचतं. अशी ती साऱ्या डोंगराची थोरली बहीण.

माझ्या मामाचं गाव रोहिणखेड आणि धामणगाव बढ्याच्या मधे, डोंगराच्या अगदी पायाशी. शाळेला सुट्टी लागली की मला तिथे सोडून देत. मामाच्या गावच्या उन्हाळ्यात आंब्यांपेक्षा जास्त लग्नं असायची. लग्न म्हटलं की सालईची मेढ. मांडवाचा पहिला खांब सालईचाच. तो आणायला वाजतगाजत डोंगराच्या पायथ्याला जायचं, फांदी तोडायची, तिला हळद लावायची आणि दारात रोवायची. हे पुष्कळ गावांत होतं. पण मामाच्या गावात पुढची एक रीत होती. मांडव उतरला की मुलीच्या लग्नातली मेढ जाळायची नाही, फेकायची नाही. ती उपटून डोंगराच्या पायथ्याशी, आधीच्या मेढींच्या रांगेत नेऊन रोवायची. सालईची फांदी म्हणजे हट्टी जात. जमिनीत खुपसली की मूळ धरते. त्यामुळे गावातून सासरी गेलेल्या मुलींची तिथे एक लांबच लांब रांग झाली होती. ही पारबता, मलकापूरला दिली ती. ही सुमन, जळगावच्या बाजूला असते. माहेरी आलेली बाई आधी घरात पाणी पिणार, मग संध्याकाळी आपल्या झाडाला भेटून येणार. बाया झाडाला पाठ टेकून बसत आणि सासरच्या माणसांच्या नकला करत. आम्ही पोरं तेंदूची फळं खात ऐकत असू. सासू नावाच्या प्राण्याचं माझं सगळं ज्ञान त्या रांगेतलं आहे.

या रांगेत एकच मेढ वाळली. वंदीची.

वंदी, म्हणजे वंदना, माझ्या मामाची मुलगी, माझ्याहून लहान. तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच झालं. दोन वर्षांत ती परत आली, कायमची. तिथे का जमलं नाही हे तिने कोणाला सांगितलं नाही. विचारणाऱ्याला ती विचारायची, "तुमचं दळण किती किलो हाये?" कारण तोवर तिने मामाच्या ओसरीत पिठाची चक्की टाकली होती, आणि चक्की चालू असली की कुणाचाही दुसरा प्रश्न ऐकू येत नसे.

पण बायांनी दोन आणि दोन जोडले. मेढ वाळली, म्हणून संसार मोडला. का संसार मोडणार होता, म्हणून मेढ वाळली? यावर ओट्यांवर चर्चा झडत. तिला नाव पडलं 'वाळली मेढ'. लग्नघरी हळद लावायला तिला कोणी पुढे बोलवेना. माझी मामी मात्र ऐकायला तयार नव्हती. रोज संध्याकाळी कळशी घेऊन जायची आणि त्या काठीला पाणी घालायची. शेजारची अनसूयाकाकू एकदा चक्कीवर सगळ्यांसमोर म्हणाली, "काऊन वंदे, तुही माय त्या वाळल्या लाकडाले पाणी टाकून टाकून काय करून राह्यली?"

वंदीने पिठाने पांढरे झालेले हात झटकले. "काही नाही काकू. उधई पाळली तिनं. लय गुणाची हाये. तुमच्या घरी पाठवू का थोडी?"

वाळवी पाळायची हे ऐकून सगळे हसले. वंदीही हसली. मी तिच्या मागे उभा होतो. चक्कीचा पट्टा तिने जरुरीपेक्षा जोरात ओढला ते मी पाहिलं.

आता तो उन्हाळा. फार जुना नाही, सहा-सात वर्षांमागचा. वैशाखच. मी रजा टाकून मामाकडे आंबे खायला गेलो होतो. सकाळी वंदीचा आवाज आला, "दादा, ऊठ बे! पायथ्याशी पिवळी मशीन आली."

पायथ्याशी जेसीबी उभा होता. कुठल्या तरी योजनेतून डोंगर हिरवा करायचा होता. पायथ्याची वाळलेली झाडं काढून टाकायची, खड्डे करायचे, गुलमोहराची आणि सुबाभळीची रोपं लावायची, काटेरी तारेचं कुंपण घालायचं. ठेकेदार देऊळगाव राजाकडचा होता. भला, घामाघूम झालेला माणूस. त्याच्या हातातल्या कागदावर आमच्या रांगेचं वर्णन होतं: मृत झाडे. पाहणीवाला त्याच्या आधी कधीतरी भर उन्हाळ्यात येऊन, गाडीतूनच पाहून गेला असणार.

गावातली माणसं जमली. कोणी म्हणालं, तहसीलला जाऊ. कोणी म्हणालं, ही आमच्या लेकीबाळींची झाडं आहेत. ठेकेदार हात जोडून म्हणाला, "मावशी, मला काय हौस हाय का? कागदावर जे हाय ते करायलोय मी. जित्ती असती तर पान नसतं का एखादं?" आणि त्याने ड्रायव्हरला खूण केली. इंजिन गुरगुरलं. उजव्या टोकाची तीन-चार झाडं आमच्यादेखत आडवी झाली. मामी मटकन दगडावर बसली. तिथे बसून ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "पारबता गेली. अवो, पारबता गेली."

वंदी माझ्या कानाशी आली. "दादा, तू फकस्त मान हालव. बोलू नको. तुह्या तोंडाले खोटं जमत नाही, पण तुही मान लय खोटारडी हाये."

आणि ती पुढे गेली, पदर खोचून, ताकाचा तांब्या घेऊन. असा प्रवेश मी रंगभूमीवर पाहिलेला नाही.

"ठेकेदारभाऊ, ताक घ्या. उन्हाचं काम लय वाईट. एक विचारू का? कुंपणाले खांब कायचे लावता?"

"सिमेंटचे. येतील की उद्या ट्रकनं."

"अरे बाप्पा! हा रस्ता पाह्यला का तुमी? अर्धे तं घाटातच फुटतीन." तिने त्याच्या घशाखाली एक घोट जाऊ दिला. "अन् हे काय हाये मंग? ही रांग पाहा. एका दोरीत उभी हाये. आयते खांब! उपटता कायले? तारच ठोका ना यायले. अन् जे पाडले त्यायचे तोडा तुकडे, जिथं खाली जागा हाये तिथं रोवा. वाळलं लाकूड. फुकटाचं."

ठेकेदाराने रांगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझा चष्मा आणि इस्त्रीचा शर्ट पाहून त्याने मला कोणी जाणकार समजलं असावं. "साहेब, टिकंल का हो हे?"

मी अतिशय गंभीर चेहऱ्याने एका खोडावर टिचकी मारली. कान लावला. दुसऱ्या खोडाकडे गेलो, तिथेही टिचकी मारली. मग मान हलवली, सावकाश, अनुभवी माणसासारखी. ती मान मी आजही आरशासमोर हलवून बघतो. पुन्हा तशी जमलेली नाही.

एवढ्यात ड्रायव्हर पडलेल्या झाडापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "मालक, हे ओलं हाय जनू. चीक निघायलाय."

मोडलेल्या बुंध्यावर डिंकाचे थेंब जमले होते, उन्हात मण्यांसारखे. त्याने नख लावायला हात पुढे केला. सालईच्या सालीखाली नख घातलं की हिरवं दिसतं. एका नखात आमचं सगळं नाटक कोसळलं असतं.

"डिंक हाये तो," वंदी म्हणाली. "मेल्यावरबी निघते. धुपात टाकतेत. मेलेल्याचंच काम हाये ना त्याचं, होय ना दादा?"

मी मान हलवली.

ड्रायव्हरने बोटाला लागलेला डिंक हुंगला, "व्हय, धुपासारखाच वास यायलाय," म्हणाला आणि विजारीला हात पुसला. ठेकेदाराने ताकाचा दुसरा पेला घेतला. सिमेंटचे खांब आले नाहीत ते नाहीतच.

पुढचे दिवस वंदी तिथून हलली नाही. चक्की मामाच्या अंगावर टाकून ती उन्हात उभी राहून तुकडे तोडून घेई. "असे नाही भाऊ, मनगटाच्या वर जाड घ्या. खालचं टोक खालीच राहू द्या, उलटं रोवू नका, दिसाले चांगलं दिसत नाही. खोल गाडा. माती नीट दाबा." ठेकेदार कौतुकाने म्हणाला, "ताई, तुमाला कुंपणाची लई हौस दिसायलीय." रांग वाचली. रिकाम्या जागा भरल्या. रांगेच्या पुढे डोंगराला वळसा घालून नव्या खांबांची दुसरी ओळ उभी राहिली, जुन्या रांगेहून लांब. सगळ्यांना काटेरी तार. आत ओळीने खड्डे, खड्ड्यांत रोपं. कोपऱ्यावर, जिथे तारा वळतात, तिथे एक वाकडा, जाडजूड तुकडा वंदीने स्वतः पहारीने खड्डा करून रोवला.

संध्याकाळी तिच्या हाताला फोड आलेले. मी विचारलं, "वंदे, हे जगतील कशावरून? तुझी मेढ तर..."

"माही मेढ कवा तोडली व्हती, दादा? तुळशीच्या लग्नाच्या मांगून. भर पानातली, हिरवीगार. सारे म्हणत व्हते, वा, काय छान मेढ!" ती फोडावर फुंकर घालत होती. "हिरवी तोडली का मरते. पानायलेच पुरत नाही तिचं, मुळाले कुठून देईन? आताची पाह्य. अंगावर पान नाही, पण सारं आत भरून हाये. हे मले दोन वर्सानं समजलं. तवापासून थांबून हाये, कोणी इचारते का म्हून. कोणी इचारलं नाही. मंग म्यातरी कायले सांगू?"

म्हणजे इतकी वर्षं तिच्यापाशी उत्तर होतं आणि ती उधईचे विनोद करत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "असा काय पाहून राह्यला? मान हालव."

पंधरा-वीस दिवस गेले, माझी रजा संपत आली, तरी पाऊस यायला अजून अवकाश होता. आभाळ निळं, कोरडं. एके सकाळी अनसूयाकाकू धापा टाकत चक्कीवर आली. दळण नव्हतं हातात. "वंदे! अवो, त्या खांबायले कोंब आले!"

सारं गाव पायथ्याशी. तांबूस, चिकट, नखाएवढे कोंब, काटेरी तारेच्या वर आणि खाली, जिथे जागा मिळेल तिथून. सगळ्याच खांबांना नव्हते. पण इतक्यांना होते की मोजायची कोणाला शुद्ध राहिली नाही. जुनी रांगही फुटली होती. पारबताचं झाड पाडलं होतं, त्याच्या तुकड्यांचे पाच-सहा खांब झाले होते आणि त्यातल्या बहुतेकांवर पारबता हजर होती. मामी एकेका खांबाला हात लावत चालली होती आणि हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही. पदर तोंडाशी होता.

मग एक गंमत झाली. नवी ओळ कोणाच्याच लग्नाची नव्हती. कोणाच्या नावाची नाही, कोणाच्या हळदीची नाही. आधी पुढे झाली गावची नर्सबाई, जिने लग्नच केलं नव्हतं. तिने एका खांबाला हात लावला आणि म्हणाली, "हा माझा." मग बौद्धवाड्यातली कमल, माझ्या सुट्टीतल्या मित्राची बायको. त्यांच्यात मेढीची रीत नव्हती. ती म्हणाली, "मेढ नसली म्हून काय झालं, झाडाले पाठ टेकाले मलेबी आवडते." तिने दोन घेतले, एक लेकीसाठी. मग सुना पुढे झाल्या, ज्यांची झाडं असलीच तर दुसऱ्याच गावी होती. अनसूयाकाकू बराच वेळ चुळबुळत राहिली. शेवटी म्हणाली, "वंदे, तुहा कोणता वं?"

वंदीने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तो वाकडा खांब. दोन्हीकडच्या तारा त्याच्यावर ताणलेल्या, आणि तरी बुंध्यापासून डोक्यापर्यंत कोंबच कोंब.

"साऱ्यायचा ताण त्याच्यावरच हाये," ती म्हणाली. "हा माहा."

काकूने पुढे होऊन त्या खांबाला हात टेकला, आणि तो हात तसाच आपल्या कपाळाला लावला. त्या वर्षापासून मात्र हळदीला पहिलं बोलावणं चक्कीवर येऊ लागलं. वंदी कधी जाते, कधी म्हणते, "दळण हाये."

गुलमोहराचं काय झालं? अहो, काय होणार! निम्मी रोपं पहिल्याच उन्हाळ्यात गेली. उरलेली रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी खाल्ली. रोही तारेवरून अशी उडी मारतो की तार कोणासाठी लावली असा प्रश्न पडतो. ठेकेदार एकदा पावसाळ्यात पाहायला आला. कुंपण हिरवंगार, आतली रोपं मरगळलेली. बराच वेळ कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. मग खो-खो हसत सुटला. "ताई," म्हणाला, "तुमी मला लई गोड ताक पाजलं."

तर व्याह्यांना घेऊन मी तिथेच गेलो. वंदी चक्की बंद करून आली. पत्रिका घेतली, नमस्कार झाले, कैरीचं पन्हं झालं. मग आम्ही पायथ्याशी उभे. वैशाखाचं ऊन, सगळी रांग उघडीबोडकी, पांढुरकी. व्याही सभ्य माणूस, पण सवय जात नाही. म्हणाले, "ही वाळलेली झाडं काढून कुंपण नीट का करत नाही तुम्ही?"

मी मान हलवली. वंदीला ती मान ओळखता येते.

"या इकडं, व्याहीबुवा," म्हणत ती त्यांना कोपऱ्यावर घेऊन गेली. "नख लावा."

त्यांनी जरा संकोचून साल खरवडली. पापुद्रा सुटला आणि खाली हिरवं चमकलं, ओलं, शेवाळासारखं. बोटाला वास लागला. त्यांनी बोट नाकाशी नेलं, आणि तिथेच ठेवलं.

"आता तार धरा. जा मांगं मांगं."

पुण्याचे माझे व्याही गंजलेली काटेरी तार दोन बोटांत जपून धरून झाडापाशी आले. तार खोडात शिरली होती. त्यांनी दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं, तिथून ती बाहेर पडत होती. मधल्या भागावर साल मिटली होती, वर फक्त ओठ दाबून धरावेत तशी एक रेघ.

"आत गेली?"

"गिळली," वंदी म्हणाली. "काट्यासकट."

व्याही कितीतरी वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आपल्या लग्नाला... म्हणजे त्या हॉलमध्ये... डब्यात माती भरून ठेवली तर? एखादी फांदी मिळेल का हो इथली? अगदी आत्ता नको, पाऊस पडल्यावर, जरा पानं आली की सुंदर दिसेल. पूजेपुरती."

वंदीने कमरेचा कोयता काढला, कोपऱ्याच्या झाडाकडे वर पाहिलं, आणि मनगटाएवढी जाड, एक पान नसलेली फांदी निवडली.

"आत्ताच न्या," ती म्हणाली. "हिरवी झाल्यावर मांगसान, तं देणार नाही."